लेखांक ६ : तास भरले, पण वॉर्डात काय बदलले?

गेल्या लेखांकात आपण परिचारिकांच्या नोंदणी नूतनीकरणाचा नियम पाहिला. दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण, अशी भारतीय परिचर्या परिषदेची अपेक्षा आहे. हेतू रास्तच आहे, कारण वैद्यकातले ज्ञान शिळे होते. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाचा आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या आणि मग छाती दाबा, हा क्रम परिचारिकांच्या एका पिढीने पाठ केला होता. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो फिरवला आणि छाती दाबण्याला पहिले स्थान दिले. अडचण आहे ती मोजमापाची. सराव नसेल तर हे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागते, असे वारंवार दिसून आले आहे. मग सभागृहात दोन दिवस बसून, हजेरीपटावर सही करून भरलेले तास पाच वर्षांच्या खात्यात जमा धरले, तर कागद पूर्ण होतो. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात त्यातले काय उरले, हे मात्र कोणी पाहत नाही. म्हणून निरंतर शिक्षण वॉर्डातल्या कामावरच जोखले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

याचा भक्कम पुरावा प्रसूतिकक्षातून मिळतो. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला ई-मोटिव्ह हा अभ्यास केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झाला, त्यात २ लाखांहून अधिक बाळंतिणी होत्या. बाळ जन्मले की बाळंतिणीखाली प्लास्टिकची चादर सरकवायची. तिच्या टोकाच्या पिशवीवर मोजमापाच्या रेषा. रक्त ५०० मिलिलिटरच्या रेषेला टेकले, किंवा ३०० ला टेकले आणि धोक्याचे आणखी एखादे लक्षण दिसले, की गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि रक्त कुठून येते याची तपासणी हे सगळे लगोलग सुरू करायचे. यातले एकही औषध नवे नव्हते. तरीही नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम १९ टक्के स्त्रियांना हे सारे उपाय मिळाले, नव्या पद्धतीत ९१ टक्क्यांना. गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होते, तर नव्या पद्धतीत १.६. शिकवणे जागेवरच, प्रत्यक्ष करून घेत झाले आणि पुढे त्या कक्षाचे आकडे तिथल्याच लोकांसमोर ठेवले गेले. या यशात चादरीचाही वाटा आहे, हे खरे. पण शिकलेले वापरायला हाताशी साधन आणि पाठीशी अधिकार लागतो, हे प्रशिक्षणाच्या नियोजनातच धरायला हवे.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा. वर्षानुवर्षे लेबर रूम सांभाळणाऱ्या सिस्टरला नवे काय शिकवणार? याच अभ्यासात नेहमीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव वेळीच ओळखले गेले, पिशवी वापरल्यावर ९३ टक्के. नजरेने केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो आणि तो चुकला हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे अनुभव वाढला तरी अंदाज सुधारतोच असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आधी माणसे द्या, मग शिक्षणाचे बोला. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या ९ देशांतील ३०० रुग्णालयांची आकडेवारी मांडली. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक दिसली. पदवीधर परिचारिकांचा वाटा १० टक्क्यांनी जास्त असेल तर ती ७ टक्क्यांनी कमी दिसली. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, शिवाय पदवी म्हणजे सेवेतले प्रशिक्षण नव्हे. तरी मनुष्यबळ आणि शिक्षण यांतले एक देऊन दुसऱ्याची उणीव झाकता येईल, असे मानायला इथे आधार सापडत नाही. उलट जिथे माणसे कमी, तिथे सुट्टीच्या दिवशी शिबिराला बोलावणे हा दुहेरी अन्याय ठरतो.

तिसरी भीती अशी की वॉर्डाचे आकडे मोजू लागलो की त्यांचे मेमो होतील. ती निराधार नाही. आकड्यांवरून शिक्षा होऊ लागली की आधी नोंदी बिघडतात. म्हणून आकडे वॉर्डाचे असावेत, व्यक्तीचे नसावेत. आणि ते आधी इन्चार्ज सिस्टर व तिच्या सहकाऱ्यांनी पाहावेत. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत, छोट्या सत्रांत आणि पुन्हा पुन्हा व्हावे. प्रत्येक सत्रापूर्वी एकच प्रश्न ठरवावा : सहा महिन्यांनी या वॉर्डाच्या नोंदीत काय बदललेले दिसले पाहिजे? ज्या कार्यक्रमाकडे याचे उत्तर नाही, त्याचे तास १५० मध्ये धरू नयेत. हा वेळ आणि खर्च कोणी उचलायचा, हे पुढील लेखांकात पाहू.