चॉकलेटचे ३४ अंश

भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयाच्या काठाने आधी ऊस आणि मग केळी वाढली. करमाळा तालुक्यातलं कंदर आज केळीच्या निर्यातीसाठी ओळखलं जातं. इथला माल आखाती देशांत जातो. निर्यातीच्या मापात न बसलेल्या फण्या मात्र घरात येतात. शिकरण झाली, वेफर्स झाले की पोरांची फर्माईश येते, चॉकलेटमध्ये बुडवलेल्या केळ्याची. आणि इथेच गाडी अडते. कोको बटर वितळतं साधारण ३४ अंशांना आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. त्यामुळे कोणतं चॉकलेट आणायचं हे चवीआधी तयार पदार्थ कुठे राहणार आहे यावर ठरतं: डब्यात की फ्रीझरमध्ये.

केकचं सामान मिळतं त्या दुकानात दोन प्रकारचे स्लॅब असतात. स्वस्त असतो तो बहुतेक वेळा कंपाउंड. त्यात कोको पावडर असते, पण कोको बटरऐवजी पाम कर्नलसारख्या तेलापासून बनवलेली, बऱ्याचदा हायड्रोजनेशन केलेली वनस्पती चरबी असते. खऱ्या चॉकलेटमध्ये भारतीय नियमांनुसार कोको बटरखेरीज इतर वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि ती असेल तर वेष्टनावर लिहावं लागतं. तेव्हा पुढचं चित्र पाहू नका, मागचे घटक वाचा. यादीत कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी, एवढ्यावर निकाल लागतो.

कंपाउंडला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. चव थोडी मेणचट लागते, हे खरंच. पण ते नुसतं वितळवलं आणि गार केलं की निमूट घट्ट होतं. खरं चॉकलेट तसं वागत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या स्फटिकांत आहे.

कोको बटरचे रेणू एकमेकांवर सहा प्रकारे रचले जाऊ शकतात. पहिल्या प्रकारचे स्फटिक १७ अंशांच्या आसपासच विरघळतात. आपल्याला हवा असतो पाचवा. तो ३४ अंशांपर्यंत टिकतो, त्याच्यामुळेच वडी चकाकते आणि कट्‌कन तुटते. चॉकलेट वितळवून तसंच गार होऊ दिलं तर कच्च्या रचनांची खिचडी होते. वडी बोटाला चिकटते आणि काही दिवसांत तिच्यावर राखाडी-पांढरी झाक येते. ती बुरशी नव्हे. आतली चरबी वर येऊन पुन्हा गोठलेली असते. खायला हरकत नाही, पाहुण्यांपुढे ठेवायला आहे.

यावरचा उपाय म्हणजे टेम्परिंग. घरी ते असं जमतं: डार्क चॉकलेट बारीक चिरायचं, दोन भाग वितळवून ४५ अंशांपर्यंत न्यायचे, खाली उतरवायचे आणि उरलेला तिसरा भाग थोडा थोडा घालत ढवळत राहायचं. न वितळलेल्या तुकड्यांत पाचव्या प्रकारचे स्फटिक असतातच. तेच विरजणासारखे काम करतात. मिश्रण ३१-३२ अंशांवर आलं की बुडवायला घ्यायचं. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटला याहून दोन-तीन अंश कमी लागतात. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, त्याची पट्टी ४२ वर संपते. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावा; किंचित गार लागलं की झालं. अर्थात खोलीच ३८ अंशांवर असेल तर ही सगळी मेहनत पाण्यात. टेम्परिंग उजनीकाठी थंडीत करावं, फार तर पावसाळ्यातल्या गार दिवशी.

वितळवताना आच मंद हवी. पातेल्यात थोडं पाणी तापवायचं, वरचं भांडं पाण्याला टेकू द्यायचं नाही, आणि चमचा कोरडाठाक हवा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन-चार थेंब पाणी गेलं किंवा वाफ शिरली तरी त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरून बसतात आणि तकतकीत मिश्रणाचा रवाळ गोळा होतो. असा गोळा फेकू नका. त्यात गरम साय किंवा दूध घालून ढवळलं तर सॉस होतो, फक्त तो बुडवायच्या कामाचा राहत नाही.

म्हणूनच बुडवायला सर्वांत सोपे ते भाजलेले शेंगदाणे, खजूर, चिक्की. ओल कमी. शेंगदाण्याचं तेल मात्र हळूहळू चॉकलेटमध्ये उतरून त्याला मऊ करतं, त्यामुळे हे प्रकार आठवडाभरात संपवलेले बरे.

केळ्याचं गणित उलटं आहे. त्यात तीन चतुर्थांश पाणीच. घट्ट पण पिकलेलं केळं सोलून, काडी टोचून, बटर पेपरवर ठेवून चार-पाच तास फ्रीझरमध्ये गोठवायचं. त्यावरचं हिव कोरड्या फडक्याने टिपायचं आणि केळं बुडवण्याऐवजी चमच्याने चॉकलेट वर ओतायचं, म्हणजे ओल भांड्यात जात नाही. उण्या तापमानात सहाही प्रकारचे स्फटिक घट्टच राहतात, त्यामुळे फ्रीझरमधून काढून लगेच खायच्या केळ्याला टेम्परिंगची गरजच नाही. खरं चॉकलेट घ्या, पाव किलोला दोन चमचे खोबरेल घाला. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे कवच पातळ बसतं आणि तोंडात लवकर विरतं.

एक मोह मात्र टाळायचा: पैसे वाचवायला निम्मं कंपाउंड, निम्मं चॉकलेट. पाम कर्नलची चरबी आणि कोको बटर यांचं पटत नाही. दोन्ही एकत्र आली की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ राहतं आणि त्यावर पांढरी झाक लवकर चढते.

थोडक्यात, मार्च ते जून डब्यात ठेवायचं असेल तर कंपाउंड घ्या, तेही सावलीतल्या गार कोपऱ्यात ठेवायला. गोठवलेल्या केळ्याला आणि दिवाळीनंतरच्या थंडीला खरं चॉकलेट. पैसे तिथे खर्चा.