शहा डोंगरावर चांदबिबी राहत नव्हती

नगरला पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी भुईकोट किल्ला, दुपारी घरी जेवण आणि ऊन उतरलं की ‘चांदबिबीचा महाल’. पाथर्डी रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात शहा डोंगराच्या माथ्यावर ती अष्टकोनी, घुमटाची इमारत दिसू लागते आणि गाडीतलं कोणीतरी सांगायला सुरुवात करतं. चांदबिबी इथं राहायची. इथून मुघलांच्या फौजांवर नजर ठेवायची. इथून थेट किल्ल्यात निघणारं भुयार होतं. मग मुलं भुयार शोधायला तळघरात उतरतात आणि तिथं त्यांना दोन कबरी दिसतात. ‘या कोणाच्या?’ एखादं मूल विचारतं. मोठी माणसं म्हणतात, ‘असतील कोणाच्या तरी. चल वर, फोटो काढायचाय.’

त्या ‘कोणाच्या तरी’ कबरींसाठीच ही अख्खी इमारत उभी केलेली आहे. ती महाल नाही, मकबरा आहे. तिथं निजला आहे सलाबतखान, निजामशाहीचा वजीर. शेजारची कबर त्याच्या बायकोची. दुसऱ्या बायकोची आणि तिच्या मुलाची कबर वर, बाहेरच्या चौथऱ्यावर आहे. लोक तिला टेकून डबे उघडतात, कारण ती कबर आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

हा गैरसमज मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की आता दुरुस्त करताना आवाज चढतो. शाळेच्या सहलीत ऐकला, लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या जोडप्यांकडून ऐकला, ज्यांनी इतिहास शिकवला त्यांच्याकडूनही ऐकला. म्हणून एकदा नीट, क्रमाने सांगते.

आधी इमारतीकडेच बघा. महालात माणसं राहतात, तेव्हा महालाला दालनं लागतात, मुदपाकखाना लागतो, हमाम लागतो, जनाना लागतो, नोकरचाकरांच्या जागा लागतात. इथं यातलं काय आहे? मध्ये एकच पोकळ अष्टकोन, तीन मजल्यांपर्यंत चढत गेलेल्या कमानी, वर घुमट. दार लावून आत झोपता येईल अशी एक खोली नाही. चारी बाजूंनी उघड्या कमानी आणि समुद्रसपाटीपासून ३,०८० फुटांवरचा वारा. पौषातल्या रात्री तिथं उभं राहून पाहा, म्हणजे राणीचा तिथं मुक्काम होता ही कल्पना आपोआप गळून पडेल. खाली तळघर, त्यात कबरी, त्यांच्या डोक्यावर घुमट, भोवती रुंद चौथरा, ही मकबऱ्याची ठेवण आहे. दख्खनेत अशा ठेवणीच्या इमारती ठिकठिकाणी आहेत आणि त्यांना कोणी महाल म्हणत नाही.

आता काळ. सलाबतखान वारला १५८९ मध्ये. ही जागा त्याने हयातीतच स्वतःसाठी निवडून तिच्यावर बांधकाम करून घेतलं होतं. चांदबिबीच्या हाती अहमदनगरचा कारभार आला १५९५ मध्ये, निजामशाहीत वारसांच्या भांडणाने कहर केला तेव्हा. म्हणजे ती किल्ल्याच्या तटावर उभी राहिली, त्याच्या सहा वर्षं आधीच या तळघरात वजिराला पुरलेलं होतं. दुसऱ्याच्या मकबऱ्यात कोणती राणी संसार थाटेल?

पुरावा हवा असेल तर तो कुठे लपवून ठेवलेला नाही. मुंबई इलाख्याचं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ मध्ये छापलं गेलं, त्यात ही वास्तू सलाबतखानाची कबर म्हणूनच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीतही ती सलाबतखानाचीच आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं छापील कागदावर बरोबर असलेली गोष्ट बोलण्यात मात्र चुकीची राहिली.

भुयाराचंही सांगून टाकते. डोंगर किल्ल्यापासून पूर्वेला सहा मैलांवर आहे. सहा मैलांचं भुयार बेसाल्ट फोडून खणायचं तर त्याला हवेची, पाण्याच्या निचऱ्याची सोय लागते, ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडं लागतात. तशी तोंडं कुठे आहेत? ज्याला लोक भुयाराचं दार म्हणतात, ते तळघराचं दार आहे.

पण मला खरी खंत वेगळी वाटते. या एका चुकीच्या नावाने सलाबतखान नावाचा माणूस नगरच्या आठवणीतून पुसला गेला. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत त्याच्याइतका समर्थ माणूस दरबारात दुसरा नव्हता. शहराजवळचा फराहबख्श बाग, तळ्याच्या मधोमध उभा असलेला तो भव्य बागमहाल, त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरा झाला. इतिहासकार फरिश्ता तेव्हा अहमदनगरच्या दरबारात होता. पुढे विजापूरला जाऊन त्याने आपला ग्रंथ लिहिला. म्हणजे निजामशाहीचं मीठ खाऊन तिची भलामण करण्याचं त्याला कारण उरलं नव्हतं. तरीही त्याने सलाबतखानाच्या कारभाराची स्तुती केली आहे. बहमनी काळानंतर या मुलखात इतका चांगला बंदोबस्त झाला नव्हता, असा त्याचा अभिप्राय आहे.

मुर्तझाचं डोकं पुढे फिरलं. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणत. एका नर्तकीने मागितले म्हणून त्याने खजिन्यातले, विजयनगरच्या लुटीत आलेले दोन रत्नहार तिला द्यायला सांगितले. सलाबतखानाने राज्याची ठेव वाचवण्यासाठी दुसरेच साधे हार दिले. ते उघडकीला आलं तेव्हा बादशहाने रागाच्या भरात खजिन्यातल्या मौल्यवान वस्तू आगीत टाकल्या. शेवटी याच वजिराला त्याने कैदेत जायला फर्मावलं. फौज सलाबतखानाच्या बाजूची होती, माणसं त्याला विरोध कर म्हणून सांगत होती. फरिश्ता लिहितो की त्याने कोणाचं ऐकलं नाही, स्वतःच्या हाताने बेड्या चढवल्या आणि तो निघून गेला. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने मारलं. कैदेतून सुटलेला म्हातारा सलाबतखान वऱ्हाडच्या सरदारांना घेऊन, सत्ता हाती घेतलेल्या जमालखानावर चालून गेला, पैठणजवळ हरला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, आपणच वसवलेल्या तळेगावात राहण्याची परवानगी मागून थांबला. त्याच वर्षी तो गेला. असा माणूस त्या तळघरात आहे आणि आपण मुलांना सांगतो, ‘असतील कोणाच्या तरी.’

चांदबिबीवरही या नावाने अन्यायच केला आहे. तिला बघायचं असेल तर डोंगरावर नाही, भुईकोट किल्ल्याच्या तटाशी जायला हवं. हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची बायको. १५८० मध्ये नवरा मारला गेल्यावर अल्पवयीन सुलतान इब्राहिमच्या नावाने तिने विजापुरात कारभाराची धुरा धरली. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला, तटाखाली सुरुंग पेरले, एक उडाला आणि तट फुटला. बुरखा घेतलेली, हातात नंगी तलवार असलेली चांदबिबी खिंडारात आली आणि पळू पाहणारे लोक माघारी वळले. रात्रभरात खिंडार बुजवून तट पुन्हा उभा केला गेला. मुघलांना वऱ्हाड घेऊन तहावर समाधान मानावं लागलं. हे सगळं किल्ल्यात घडलं. आणि आपण तिला एकटी डोंगरावर नेऊन, गार वाऱ्यात दिवे बघत बसवतो.

मग हे नाव चिकटलं कसं? मला वाटतं, लोकांना चांदबिबी आवडते, हेच त्याचं मोठं कारण. सलाबतखान हे नाव कोणाच्या ओठावर नव्हतं आणि डोंगरावरची सर्वांत देखणी इमारत आवडत्या माणसाच्या नावावर जमा झाली. मेडोज टेलरने १८७८ मध्ये तिच्यावर ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी लिहिली, म्हणजे इंग्रजी वाचकांतही तिचं नाव गाजत होतं. नगरच्या छावणीतल्या गोऱ्यांनाही वजिरापेक्षा राणी सोयीची वाटली असेल, तर नवल नाही.

चांदबिबीच्या मरणाबद्दलही एक गोष्ट हटकून सांगितली जाते. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिने किल्ल्यातल्या तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली, अशी. ही लोककथा आहे. झालं ते याहून वाईट होतं. १६०० मध्ये शहजादा दानियालची फौज पुन्हा दारात आली. किल्ला टिकणार नाही हे ओळखून लहानग्या सुलतानाला, बहादुरशहाला, वाचवण्यासाठी तिने बोलणी करायचं ठरवलं. तेव्हा हमीदखान या सरदाराने ‘बाईसाहेब फितूर झाल्या’ अशी आवई उठवली आणि चिथावलेल्या जमावाने तिला तिच्याच महालात शिरून मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला आणि बहादुरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. तेजाबाच्या विहिरीची गोष्ट सांगितली की तिच्या माणसांच्या हातावरचं रक्त धुऊन निघतं, म्हणून ती मला सोसत नाही.

आणखी काही गोष्टी, ज्या नगर ते खुलताबाद या पट्ट्यात वारंवार ऐकायला मिळतात.

नगरच्या बागरोजात सगळे निजामशहा पुरलेले आहेत, असं म्हणतात. तिथला मकबरा शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाचा. त्याचा मुलगा बुऱ्हाण याचा देह पुढे करबल्याला नेला गेला, असं फरिश्ता सांगतो.

आग्ऱ्याच्या दरबारात अमरसिंह राठोडाने ज्याला ठार केलं तो सलाबतखान निराळा. ती घटना शाहजहानच्या काळातली, १६४४ ची. आपला सलाबतखान तोवर ५५ वर्षं डोंगरावर निजलेला होता.

औरंगजेबाची कबर भिंगारच्या आलमगीर दर्ग्यात आहे, हे नगरकरच बाहेरच्यांना सांगतात. १७०७ च्या मार्चमध्ये तो वारला, तो इथं, एवढंच खरं. त्याचा देह खुलताबादला नेला आणि सूफी संत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली पुरला. मरणानंतर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हटलं गेलं आणि त्यावरून रौजा या जुन्या गावाला खुलताबाद हे नाव मिळालं. कबरीभोवतीची संगमरवरी जाळी मात्र जुनी नाही, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झनच्या काळात बसवली.

संभाजीनगरचा बीबी का मकबरा औरंगजेबाचा नाही, तो त्याची बेगम दिलरस बानूचा. ती १६५७ मध्ये गेली. ‘मुलाने आईसाठी बांधला’ हे वाक्य पर्यटकांना फार आवडतं आणि अनेक माहितीफलकांवर शहजादा आझमशहाचंच नाव असतं. पण आझमचा जन्म १६५३ चा. प्रवेशदारावरच्या लेखात अताउल्लाह आणि हंसपतराय या बांधणाऱ्यांची नावं आहेत आणि काळ येतो १६६०-६१. सात-आठ वर्षांच्या मुलाने मकबरा बांधला नाही. त्याच्या नावाने झाला असेल, पण हुकूम आणि पैसा बापाचा.

आणि मलिक अंबर. त्याला दौलताबादच्या किल्ल्यात शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. १६२६ मध्ये तो वारला आणि त्याची कबर खुलताबादलाच आहे, जवळच त्याची बायको बीबी करीमाची. औरंगजेबाची कबर बघायला रोज माणसं येतात. त्याच्या पणजोबाला, अकबराला, आणि आजोबाला, जहांगीरला, दख्खनेत आयुष्यभर दम खायला लावणारा हबशी वजीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्याकडे बहुतेक गाड्या वळत नाहीत.

पुढच्या वेळी शहा डोंगरावर गेलात तर तळघरात उतरताना चपला बाहेर काढा. डावी-उजवी कोणाची, हे मुलांना सांगता आलं नाही तरी चालेल. नाव मात्र सांगा, सलाबतखान. आणि वर आल्यावर चौथऱ्यावरची कबर बघून घ्या. डबा तिच्यावर नको, पलीकडच्या पायऱ्यांवर पुष्कळ सावली असते.