मलम लावलंय, आता पाजू का?

मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न बहुधा खालच्या आवाजात येतो. खांद्यावर तीन महिन्यांचं बाळ, मनगटावर इसबाचा चट्टा आणि सासूबाईंनी आधीच बजावलेलं, "औषध दुधात उतरतं हो!"

किती उतरतं? बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची. मलम १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं असेल तर त्यात औषध ५ मिलिग्रॅम. हाताच्या धडधाकट कातडीतून त्यातला जेमतेम शंभरावा भाग आत शिरतो, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. चट्टा सोललेला असेल तर आणखी थोडं धरा. याच जातीचं संप्रेरक आईचं शरीर स्वतःच रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास तयार करतं. मलमातला तो कण आधी तिच्या रक्तात विरघळणार, मग दुधात झिरपणार. सासूबाईंचं म्हणणं खरं, फक्त आकडा फारच छोटा.

कातडी मात्र सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली हेच औषध शरीरावर ठिकठिकाणी लावून मोजलं. हाताच्या तुलनेत कपाळातून ते सहापट शिरलं, तळपायातून सातवा हिस्सा.

खरी काळजी दुधाची नाहीच, बाळाच्या तोंडाची आहे. स्तनाग्राला लावलेलं मलम आईच्या रक्तात न जाता थेट बाळाच्या पोटात जातं. दुखऱ्या स्तनाग्रांना जन्मापासून स्टिरॉइडचं मलम लावणाऱ्या एका आईच्या दोन महिन्यांच्या बाळाचा रक्तदाब धोकादायक वाढल्याची आणि वाढ खुंटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून तिथे काही लावायचं तर डॉक्टरांना विचारून, पाजून झाल्यावर, पातळ थर. आणि पुढच्या वेळेआधी उरलेलं पुसून. बधिर करणारं बेन्झोकेन तिथे नकोच. मनगटावर लावलं तरी हात बाळाच्या तोंडात जातो, हे ध्यानात असू द्या.

स्टिरॉइडबाबत आपल्याकडची खास भानगड म्हणजे गजकर्णावर मिळणारी खिचडी मलमं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर क्लोबेटासोलसारखं जबर स्टिरॉइड, सगळं एकाच नळीत. २०१८पासून अशा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठी लागते, तरी ती शेजारणीच्या कपाटातून सर्रास फिरतात.

आणि मुळात स्तनाग्राला मलम लागतं कशाला? तिथल्या चिरा बऱ्याचदा बाळानं स्तन तोंडात नीट न धरल्यामुळे पडतात. त्याच्या तोंडात नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही जायला हवा. ते दवाखान्यातल्या नर्सबाई पाच मिनिटांत शेजारी बसून दाखवू शकतात.