शंका असेल तर सुई नाही

उत्तरायणाला वडोदऱ्यात घरात कोणी सापडत नाही. सगळे गच्चीवर. गेल्या वर्षी आमच्याकडेही तेच चाललं होतं. साडेअकराच्या सुमारास मी पाणी प्यायला खाली आले, तर चिंगी पलंगाखाली. हाक मारल्यावर उठली, दोन पावलं टाकली आणि मागचे पाय घसरून बसलीच. डोळे मोठे, नजर भलतीकडेच.

चिंगी आमची अकरा वर्षांची मांजर. तिला मधुमेह आहे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला एकेक युनिट इन्सुलिन घ्यावं लागतं. त्या दिवशी आईने सातला इंजेक्शन दिलं आणि ती गच्चीवर गेली. पावणेआठला मी उठले. गडबडीत राहिलंच असेल, असं वाटलं आणि मीही एक दिलं. त्यात बाहेरच्या स्पीकरला घाबरून चिंगीने सकाळचं जेवण अर्धंच खाल्लं होतं.

ओळखलं आजोबांनी. ते स्वतः पंचवीस वर्षं मधुमेह सांभाळताहेत. "अगं, शुगर उतरलीय तिची. मध आण आधी!" कानाच्या कडेला सुई टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलं, तर आकडा ३८.

जास्त साखर आणि कमी साखर

निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. इन्सुलिनवरच्या मांजराची साखर कधी ३०० दिसली की आपण घाबरतो. ती बरेच दिवस जास्त राहिली तर त्रास होतोच, पण एखाद्या दिवशी वर गेली म्हणून लगेच जीव जात नाही. साखर ६० च्या खाली गेली तर मात्र थांबायला वेळ नसतो. मेंदूला साखर लागते. ती मिळाली नाही की आधी मांजर सुस्त होतं किंवा एकदम अधाशासारखं खायला मागतं. मग झोकांड्या, थरथर, विचित्र ओरडणं, आणि शेवटी आकडी किंवा बेशुद्धी. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, पण अशी लक्षणं दिसत असतील तर आकड्यावर वाद घालत बसू नये. मशीन घरात नसेल, तरी उपचार आधी.

त्या वेळी काय करायचं

मांजर शुद्धीवर असेल आणि खात असेल, तर लगेच नेहमीचं खाणं समोर ठेवा, वर थोडा मध घाला. खात नसेल तर मध, साखरेचा पाक किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा, थोडी थोडी. शुगर-फ्री गोळ्यांचा इथे उपयोग नाही. आकडी आली असेल किंवा शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. दातांच्या मध्येही बोट घालू नका, मांजर नकळत कडकडून चावतं. ओठ बाजूला करून हिरडीला जरासा मध लावा आणि थेट डॉक्टर गाठा.

चिंगीला मध चोळला. दहा-पंधरा मिनिटांत तिने मान वर केली, मग खाल्लंही. मला वाटलं, सुटलो. फोनवर डॉक्टर म्हणाले, "लगेच घेऊन या." मधाचा परिणाम थोडा वेळ टिकतो, इन्सुलिनचा कित्येक तास. साखर पुन्हा उतरू शकते. संध्याकाळपर्यंत तिला सलाइनवर ठेवलं आणि दर थोड्या वेळाने साखर तपासली. पुढचं इंजेक्शनही डॉक्टरांना विचारूनच दिलं.

चूक कुठे होते

दोघांनी दिलेला डोस हे एक कारण. दुसरं सिरिंजचं. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन ताकदींच्या मिळतात, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या. साधारणपणे लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० च्या कुपीतलं औषध ४० च्या सिरिंजमध्ये 'एक युनिट' भरलं, तर पोटात जातात अडीच. आजोबांचं आणि चिंगीचं इन्सुलिन एकाच फ्रिजमध्ये असतं, म्हणून आता दोघांचे डबे वेगळे, वर नावं लिहिलेली.

तिसरं कारण खाण्याचं. आपल्या घरांत मांजर म्हणजे दूध-भात, दूध-पोळी. पण मांजर मुळात मांसाहारी प्राणी. मधुमेह कळल्यावर आपण भात-पोळी बंद करून चिकन-मासे सुरू करतो. ते चांगलंच, पण त्यामुळे इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होऊ शकते. काही मांजरांचं तर इन्सुलिन पुढे पूर्ण सुटतं. म्हणून खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं, नाहीतर तोच जुना डोस जास्त होतो.

आमचे नियम

आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही किंवा उलटी झाली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही. मधाची छोटी बाटली फ्रिजशेजारी, तिला कोणी हात लावायचा नाही. डॉक्टरांचा आणि सुटीच्या दिवशी उघड्या असलेल्या दवाखान्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये.

आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर, ज्या चौकोनात आई दुधाचा हिशोब लिहिते, तिथेच आता इंजेक्शन देणाऱ्याने वेळ आणि सही करायची. सही विसरली आणि दिलं की नाही आठवत नसेल, तर द्यायचं नाही. एक डोस चुकला तर साखर थोडी वाढेल, उद्या आटोक्यात आणता येईल. दोनदा दिला तर उद्याची खात्री नाही.

यंदा उत्तरायणाला चिंगीला आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवलं होतं. दर तासाला कोणीतरी खाली येऊन तिला बघत होतं. सर्वांत जास्त फेऱ्या आजोबांच्या झाल्या. चौदा तारखेच्या चौकोनात दोन सह्या आहेत. सकाळची आईची, संध्याकाळची माझी.