खर्ड्याला आपण जिंकलो की हरलो?

मुसारामबाग मेट्रो स्टेशनवर आपण चढतो-उतरतो, पण हा मुसाराम कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. तो होता मिशेल रेमंड, निजामाच्या कवायती पलटणींचा फ्रेंच सेनापती. हैदराबादी लोकांनी त्याचं नाव आपल्या जिभेला सोयीचं करून घेतलं. त्याची कबर तिथून जवळच टेकडीवर आहे. हा रेमंड मराठ्यांशी जिथे लढला, ते खर्डा गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात येतं.

चौथाईची थकबाकी हे भांडणाचं मुख्य कारण. ११ मार्च १७९५ ला लढाई झाली. सवाई माधवराव पेशव्यांच्या बाजूने शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे एकत्र आले होते. निजाम अलीने रात्रीच माघार घेऊन खर्ड्याचा किल्ला गाठला. तिथे त्याची कोंडी झाली आणि शेवटी तह झाला. प्रदेश आणि तीन कोटी रुपये द्यायचं ठरलं, शिवाय दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याला ओलीस गेला.

आता गंमत बघा. निजामाने ज्या किल्ल्यात आसरा घेतला, तो बांधला होता निंबाळकरांनी, म्हणजे निजामाच्याच पदरी असलेल्या मराठा सरदारांनी. इकडे शिंद्यांच्या पलटणी पेराँ नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या हाताखाली होत्या. त्यामुळे ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ ही सोपी गोष्ट इथे बसतच नाही.

२०२१ च्या दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्याजवळ ७४ मीटर उंच भगवा ध्वज उभा राहिला. तो लांबून दिसतो, त्यामुळे लोक येतात. पण रणभूमी म्हणजे शेवटी शेतंच. कोण कुठे उभं होतं, माघार कुठून झाली, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. फ्रान्समधल्या अ‍ॅझँकूर गावाचं उदाहरण घ्या. १४१५ मध्ये तिथे फ्रेंच हरले, तरी आज गावात त्या लढाईचं म्युझियम आहे आणि रस्त्याकडेला दोन्हीकडच्या सैनिकांच्या आकृत्या उभ्या आहेत.

खर्ड्यालाही हे जमण्यासारखं आहे. किल्ल्यापासून शिवारापर्यंत पायवाट आखायची, नकाशाचे साधे बोर्ड लावायचे, गावातली शाळेची मुलं गाइड करायची, म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. बोर्ड मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूतही हवेत. ते भाषांतर आपलं मंडळ नक्कीच करू शकेल.

कारण हा प्रश्न आपल्यालाच जास्त छळतो. आपण मराठी बोलतो आणि निजामाच्या शहरात राहतो. मग खर्ड्याला आपण जिंकलो की हरलो? मला वाटतं, दोन्ही. म्हणूनच ती गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायला आपल्यासारखे लोक हवेत.