हलत्या चित्रांतून इंग्रजी



तणनाशकाच्या बाटलीवरचे इंग्रजी वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. आपली मुले तरी या परावलंबनातून सुटावीत, असे कोणाला वाटत नाही? आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. पण घरात ती कानावर पडत नाही. त्यामुळे पुस्तक घडाघडा वाचणारे पोर बोलायची वेळ आली की मान खाली घालते.

इथे कार्टूनचा उपयोग होतो. बी.बी.सी.ने १९८६ साली खास इंग्रजी शिकवण्यासाठी 'मझी इन गोंडोलँड' ही चित्रमालिका काढली. घड्याळे खाणारा हिरवा, केसाळ मझी, राजकन्या सिल्व्हिया आणि माळी बॉब यांची ही गोष्ट. ऐकलेल्या शब्दाचा अर्थ चित्रच सांगते आणि तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. भाषांतराची गरज पडत नाही. शिवाय चुकलो तर कोणी हसेल, ही धास्ती नाही.

मग मुलाच्या हाती मोबाईल दिला की झाले का? तसे नाही. अमेरिकेत सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ-दहा महिन्यांच्या काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, तर काहींना तेच पडद्यावर दाखवले. माणसांसोबतच्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक ओळखता आला, पडद्यापुढच्या बाळांना नाही. शाळकरी मुले पडद्यावरूनही शब्द उचलतात, हे खरे. पण सोबतीला माणूस असला की ते पक्के होतात.

उसाला पाणी नुसते सोडून भागते का? दारं धरायला माणूस लागतोच. इथेही तसेच आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाशेजारी बसा. एकच छोटी चित्रफीत दोन-तीन दिवस दाखवा. मध्येच थांबवून विचारा, "आता तो काय म्हणाला रे? करून दाखव बघू." आईला इंग्रजी येत नसली तरी बिघडत नाही; उलट आईला शिकवताना पोराची जीभ लवकर सुटते.

आपल्याला आली नाही ती भाषा पोरांबरोबर बसून आपणही चार शब्द शिकलो, तर त्यात कमीपणा कसला?