आकडा झाकून बेरीज

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी खोऱ्यांत भात हे मुख्य पीक. समजा, तिथल्या तीन शेतकऱ्यांना तिघांचा मिळून किती क्विंटल भात झाला हे हवे आहे. पण स्वतःचा आकडा कोणालाच सांगायचा नाही.

४२ क्विंटलवाला आपल्या आकड्याचे तीन तुकडे करतो: ६१७, २८८ आणि १३७. बेरीज १०४२; हजार सोडले की ४२. पहिले दोन तुकडे चिठ्ठी उचलावी तसे, कुठलेही; तिसरा बेरीज जुळवणारा. एक तुकडा स्वतःकडे, उरलेले एकेका शेजाऱ्याकडे. तिघेही असेच करतात आणि हाती आलेल्या तुकड्यांची बेरीज जाहीर करतात. त्या बेरजा मिळवून हजार सोडले, की एकूण भात कळतो.

यात काही फुटले नाही, याचा पुरावा काय? एक नकलाकार कल्पा. त्याला फक्त एका शेतकऱ्याचा स्वतःचा आकडा आणि अंतिम उत्तर द्या. तेवढ्यावरून त्या शेतकऱ्याला दिसलेल्या सगळ्या आकड्यांची हुबेहूब नक्कल तो रचू शकला, तर त्या आकड्यांत उत्तरापलीकडचे काहीच नव्हते. इथे ते जमते. दोघांनी संगनमत केले तर तिसऱ्याचा आकडा वजाबाकीने निघतो. पण तो उत्तरातूनच निघतो, पद्धतीतून नव्हे. मात्र ही हमी सगळे नियम पाळतील तेव्हाचीच; लबाडी गृहीत धरली की पद्धतही कडक लागते.

आकडे झाकून उत्तर काढण्याचा हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये मांडला. २००८ मध्ये डेन्मार्कच्या बीट उत्पादकांनी अशाच गणिताने लिलाव केला. गुपित सांभाळायला विश्वासू मध्यस्थच लागतो असे नाही. सिद्ध केलेले गणितही पुरते.